मुदतीचा महिना

भिवंडीत गाळा भाड्याने घ्यायला निघालेल्या माणसाला पहिल्याच बैठकीत एक आकडा ऐकू येतो : अकरा महिने. माणकोली, पूर्णा, राहनाळ, काल्हेर, वळ, दापोडे ही भातशेतीची गावे पाहता पाहता गोदामांची गावे झाली. मुंबईच्या जकात हद्दीबाहेर, पण मुंबईच्या जवळच, अशी ही जागा. त्यामुळे माल इथे उतरवून गरजेपुरता आत नेणे व्यापाऱ्यांना परवडत असे. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला, मुंबईची जकात गेली, तरी गोदामे राहिली आणि वाढतच गेली. यातल्या बहुतेक भाड्याच्या गाळ्यांमागे एक लिव्ह अँड लायसन्सचा करार असतो. त्यात सुरुवातीची तारीख असते, महिन्यांत मोजलेली मुदत असते आणि मुदत संपण्याची तारीख असते. पहिल्या दोन गोष्टी मालक आणि भाडेकरू समोरासमोर बसून ठरवतात. तिसरी तारीख आता बहुतेक ठिकाणी संगणक काढतो.

ही पुस्तिका त्या तिसऱ्या तारखेविषयी आहे. गोदामातल्या मालाचे, सुताच्या उधारीचे, मागावरच्या कामगारांच्या पगाराचे सॉफ्टवेअर लिहिणारी तरुण मुले-मुली आता भिवंडी, कल्याण, ठाण्यात कमी नाहीत. त्यांना डेटाबेस येतो, मोबाइल ॲप बनवता येते, सर्व्हर सांभाळता येतो. ‘तारखेत तीन महिने मिळव’ ही ओळ लिहिताना मात्र आपण दोन पक्षांच्या व्यवहारातला एक निर्णय परस्पर घेऊन टाकतो आहोत, हे त्यांना कुणी सांगितलेले नसते. कॉलेजच्या अभ्यासक्रमात या विषयाला जागा नाही. नोकरीत तो कळतो तेव्हा कुणाचे तरी बिल चुकलेले असते.

दिवस मिळवणे सरळ आहे. पाच तारखेत दहा दिवस मिळवले की पंधरा तारीख येते, दहा दिवस वजा केले की पुन्हा पाच. आठवड्याचेही तसेच, कारण तो सातच दिवसांचा. महिना मात्र २८, २९, ३० आणि ३१ अशा चार मापांत येतो, आणि कोणते माप लागू होणार हे आपण कुठून मोजायला सुरुवात केली त्यावर ठरते. १५ मार्चमध्ये एक महिना मिळवला की १५ एप्रिल, याबद्दल कुणाचे दुमत होणार नाही. पहिल्या अठ्ठावीस तारखांना सगळे असेच सुरळीत चालते, आणि खरा धोका तिथेच आहे. प्रोग्रामर बारा-पंधरा तारखेला कोड लिहितो, त्याच दिवशी तपासतो, उत्तर बरोबर येते, कोड गिऱ्हाइकाकडे जातो. मग केव्हातरी ३१ जानेवारी उजाडते.

३१ जानेवारी २०२५ मध्ये एक महिना मिळवा, असे निरनिराळ्या साधनांना सांगून पाहावे. जावामधले ‘प्लसमंथ्स’ २८ फेब्रुवारी देते. एक्सेलचे ‘ईडेट’ तेच देते. मायएसक्यूएल, पोस्टग्रेस आणि एसक्यूएल सर्व्हरही तेच देतात. ती तारीख त्या महिन्यात नाही, म्हणून महिन्याच्या शेवटच्या दिवशी थांबायचे, असा यांचा नियम. जावास्क्रिप्टची जुनी ‘डेट’, पीएचपी, गो आणि साधारणपणे एसक्यूलाइट ही मंडळी ३ मार्च सांगतात. ती आधी ३१ फेब्रुवारी अशी तारीख मनाशी धरतात, फेब्रुवारीत अठ्ठावीसच दिवस असल्याचे लक्षात आल्यावर उरलेले तीन दिवस मार्चमध्ये ढकलतात. पायथनच्या मूळ लायब्ररीत दिवसांची बेरीज आहे, आठवड्यांची आहे, महिन्यांची नाहीच. तारखेतला महिना बदलून फेब्रुवारी करू गेले तर ती त्रुटी दाखवून थांबते. ओरॅकलचे ‘ॲड मंथ्स’ २८ फेब्रुवारीच देते, पण त्याच्या मनात आणखी एक गोष्ट असते : दिलेली तारीख महिन्याची अखेर असेल तर उत्तरही महिन्याची अखेरच. त्यामुळे त्याला २८ फेब्रुवारी २०२५ देऊन एक महिना मिळवायला सांगितले तर ते ३१ मार्च देते, जिथे जावा २८ मार्च देईल.

यातले कुणीही चुकलेले नाही. प्रत्येकाने आपला नियम आपल्या डॉक्युमेंटेशनमध्ये लिहून ठेवलेला आहे. अडचण येते ती एकाच ऑफिसात हे सगळे एकत्र नांदू लागल्यावर. गिऱ्हाइकाच्या मोबाइलवरचा स्क्रीन जावास्क्रिप्टने चालतो, मागचा डेटाबेस मायएसक्यूएल असतो, आणि मुनीमजी आपला ताळा एक्सेलमध्ये जमवतात. मग स्क्रीनवर हप्त्याची तारीख ३ मार्च दिसते, डेटाबेस २८ फेब्रुवारी उलटताच उशिराचा दंड लावतो, आणि फोन मुनीमजींना येतो. “शेठ, तुमच्याच ॲपवर तीन तारीख आहे,” असे म्हणणारा भाडेकरू खोटे बोलत नसतो.

मला स्वतःला यांत पायथनचा नकार सर्वांत प्रामाणिक वाटतो. तो प्रोग्रामरला थांबवून विचारतो की तुला नक्की काय हवे आहे. जावास्क्रिप्टसाठी तयार झालेल्या नव्या ‘टेम्पोरल’ या व्यवस्थेत हाच प्रश्न उघडपणे मांडला आहे : तारीख नसेल तर महिनाअखेरीस थांबू, की नकार देऊ, हे लिहिणाऱ्याला सांगता येते. न सांगितले तर ती महिनाअखेरीस थांबते. हीच दिशा योग्य आहे, असे माझे ठाम मत आहे. मुकाट्याने पुढच्या महिन्यात सरकणारा नियम बिलांच्या कामात वापरूच नये. ३१ जानेवारीनंतरचे बिल ३ मार्चला गेले, तर फेब्रुवारीचे बिल निघालेच नाही असा त्याचा अर्थ होतो.

हा प्रश्न संगणकाने आणलेला नाही. भिवंडीच्या व्यापाऱ्याला ‘एकशे अडतीसची नोटीस’ म्हटले की वेगळे काही सांगावे लागत नाही. चेक परत गेला की ज्या कलमाखाली नोटीस जाते ते हे कलम. ते ज्या कायद्यात आहे तो निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट १८८१ चा. त्याच कायद्यात, फारशी कुणी उघडून न पाहिलेली, तेविसाव्या कलमाची जागा आहे. अमुक महिन्यांनी देय होणाऱ्या हुंडीची किंवा वचनचिठ्ठीची मुदत कशी मोजायची ते तिथे सांगितले आहे. मुदत ज्या महिन्यात संपते त्या महिन्यात जुळणारी तारीख नसेल, तर त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी मुदत संपली असे धरायचे. त्यावर, आधीच्या बाविसाव्या कलमाप्रमाणे, सवलतीचे तीन दिवस.

कायदा करणाऱ्यांनी तिथे दिलेली उदाहरणे प्रत्येक प्रोग्रामरने एकदा वहीत उतरवून घ्यावीत अशी आहेत. २९ जानेवारी १८७८ ची, एक महिन्याने देय असलेली चिठ्ठी : १८७८ चा फेब्रुवारी अठ्ठावीस दिवसांचा, म्हणून २८ फेब्रुवारी, आणि तिथून तिसऱ्या दिवशी ती देय. पुढचे उदाहरण ३० ऑगस्ट १८७८ चे, मुदत तीन महिने, देय तारीख ३ डिसेंबर. त्याच्या पुढचे ३१ ऑगस्ट १८७८ चे, मुदत तीच, देय तारीखही तीच, ३ डिसेंबर. दोन निराळ्या दिवशी लिहिलेले दोन कागद एकाच दिवशी देय होतात, हे त्यांनी जाणूनबुजून शेजारी शेजारी मांडून दाखवले.

शाळेत शिकलेल्या बेरजेच्या सवयीला इथे तडा जातो. बेरीज केली ती वजाबाकीने उलटवता आली पाहिजे, अशी आपली अपेक्षा असते. ३१ ऑगस्टमध्ये तीन महिने मिळवले की ३० नोव्हेंबर. ३० नोव्हेंबरमधून तीन महिने वजा केले की ३० ऑगस्ट. एक दिवस वाटेत गळाला आणि तो परत मिळवायची सोय नाही. म्हणून शेवटची तारीख साठवून तिच्यावरून सुरुवातीची तारीख काढायचा मोह धरू नये. मूळ तारीख नेहमी जपून ठेवावी. हा सल्ला या पुस्तिकेत पुन्हा पुन्हा येईल.

याच कायद्याचे पंचविसावे कलम सुट्टीविषयी आहे. देय तारखेला सार्वजनिक सुट्टी आली, तर आदल्या कामाच्या दिवशी ती रक्कम देय धरायची. उलट १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टचे दहावे कलम सांगते की कोर्टात किंवा सरकारी कार्यालयात करायच्या कामाची मुदत सुट्टीच्या दिवशी संपली, तर ते काम पुढच्या उघड्या दिवशी केलेले चालते. पैसे देण्याची तारीख मागे सरकते, अर्ज करण्याची तारीख पुढे सरकते. म्हणजे ‘सुट्टी आली तर पुढचा दिवस’ असे एकच फंक्शन लिहून ते सगळीकडे वापरणारा कुठेतरी नक्की चुकणार.

महिनाअखेरीचा नियम किती महाग पडू शकतो, हे इंग्लंडच्या एका खटल्यात दिसले. तोही भाड्याच्या धंद्याच्या जागेचाच, म्हणून भिवंडीकराला तो लगेच कळावा. डॉड्स विरुद्ध वॉकर असे त्याचे नाव. मालकाने ३० सप्टेंबर १९७८ रोजी भाडेकरूला जागा सोडण्याची नोटीस दिली. नवा करार मागण्यासाठी भाडेकरूला नोटिशीपासून चार महिन्यांत कोर्टात अर्ज करायचा होता. त्याने तो ३१ जानेवारी १९७९ रोजी केला. ३० सप्टेंबर ही महिनाअखेर, तेव्हा चार महिने संपतील तेही महिनाअखेरीस, असा त्याच्या बाजूचा युक्तिवाद. हाउस ऑफ लॉर्ड्सने १९८१ मध्ये तो फेटाळला : मुदत जुळणाऱ्या तारखेला, ३० जानेवारीला संपली, अर्ज एक दिवस उशिरा आला. भाडेकरू हरला. आता वर सांगितलेली साधने आठवून पाहा. ३० सप्टेंबरमध्ये चार महिने मिळवल्यावर जावा ३० जानेवारी देते, ओरॅकल ३१ जानेवारी. लॉर्ड्सनी जावाचा नियम मान्य केला, आणि भाडेकरू ओरॅकलच्या नियमाने मोजत होता. जावा तेव्हा अस्तित्वातही नव्हती, पण वाद तोच होता.

आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही २०१० मध्ये, हिमाचल प्रदेश सरकार विरुद्ध हिमाचल टेक्नो इंजिनिअर्स या लवादाच्या प्रकरणात, तीन महिने म्हणजे नव्वद दिवस नव्हेत असे स्पष्ट केले. भिवंडीच्या व्यवहारात हे रोज लागते. रिझर्व्ह बँकेच्या आदेशाने १ एप्रिल २०१२ पासून चेक तीन महिने चालतो. त्याआधी तो सहा महिने चालत असे. सूतवाल्याकडे पुढच्या तारखांच्या चेकची चळत असते. त्यांतला प्रत्येक चेक कधीपर्यंत बँकेत टाकायचा याची यादी नव्वद दिवसांनी काढली, तर कधी दोन दिवस आधी घाई होते आणि फेब्रुवारी मध्ये आला तर उलटा फटका बसतो. १ डिसेंबर २०२५ पासून नव्वद दिवस मोजले तर १ मार्च २०२६ येतो, म्हणजे नेमके तीन महिने. १ फेब्रुवारी २०२६ पासून मोजले तर २ मे. यादी एक दिवस जास्त दाखवते, आणि तो एक दिवस चेक शिळा व्हायला पुरेसा असतो.

आता पुन्हा अकरा महिन्यांकडे. १९०८ च्या नोंदणी कायद्यात वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची आहे. ती टाळायला अकरा महिन्यांची रीत देशभर पडली. महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या पंचावन्नाव्या कलमाने लिव्ह अँड लायसन्सचा करारही लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे असे सांगितले, आणि ती जबाबदारी मालकावर टाकली. म्हणजे अकरा महिन्यांचे मूळ कारण इथे उरले नाही. रीत मात्र घट्ट राहिली, आणि मोठ्या गाळ्यांचे करार तेहतीस किंवा साठ महिन्यांचे होतात तेव्हाही भाडेवाढ कित्येकदा अकरा किंवा बारा महिन्यांच्या टप्प्याने लिहिलेली असते.

अकरा महिन्यांचे ३३० दिवस करणारा कोड मी पाहिला आहे. १ एप्रिल २०२५ पासून सुरू झालेला करार त्याने २४ फेब्रुवारी २०२६ ला संपवला. खरा शेवटचा दिवस २८ फेब्रुवारी. चार दिवस आधी भाडेकरूला ‘मुदत संपली’ असा संदेश जातो, आणि गाळ्यात कपड्याचे तागे छतापर्यंत रचलेले असताना असा संदेश म्हणजे विनाकारण भांडण.

याहून नाजूक चूक क्रमाची आहे, आणि ती चांगल्या प्रोग्रामरच्या हातूनही होते. करार १ मार्च २०२७ ला सुरू, मुदत अकरा महिने. शेवटचा दिवस काढायचा तर अकरा महिने मिळवायचे आणि एक दिवस वजा करायचा. १ मार्चमध्ये अकरा महिने मिळवले की १ फेब्रुवारी २०२८, एक दिवस वजा केला की ३१ जानेवारी २०२८. बरोबर. आता हेच उलट्या क्रमाने करून पाहा. आधी एक दिवस वजा : २८ फेब्रुवारी २०२७. मग अकरा महिने मिळवा : २८ जानेवारी २०२८. जानेवारीचे शेवटचे तीन दिवस नाहीसे झाले, आणि कुठेही लाल अक्षरात काही आले नाही. दिवस आणि महिने मिसळून हिशोब करायचा असेल तेव्हा कोणते आधी, हे प्रत्येक व्यवहारासाठी ठरवून लिहून ठेवले पाहिजे. सुरुवातीच्या तारखेपासून आधी महिने, मग दिवस, हा क्रम करारांच्या भाषेशी जुळतो.

घड्याळाच्या फरकामुळे हीच चूक वेगळ्या दाराने घरात शिरते. आपली वेळ जागतिक प्रमाणवेळेच्या साडेपाच तास पुढे आहे. १ मार्च २०२५ च्या मध्यरात्रीचा क्षण जागतिक वेळेत २८ फेब्रुवारीच्या संध्याकाळचे साडेसहा असतो. सर्व्हरने तारीख अशी साठवली आणि तिथेच एक महिना मिळवला, तर २८ मार्च, संध्याकाळचे साडेसहा. ते आपल्या वेळेत आणले की २९ मार्च. भाडे १ एप्रिलला यायचे ते सॉफ्टवेअर २९ मार्चला मागते. जानेवारीत हा दोष दिसत नाही, एप्रिलमध्ये दिसत नाही, मार्चात दिसतो आणि लोक सर्व्हरवाल्याला शिव्या देतात. करारातली तारीख हा घड्याळाचा क्षणच नव्हे. ती नुसती तारीख म्हणूनच साठवावी, तिला तास-मिनिटे चिकटवूच नयेत.

मग येते साखळी. समजा कुणी ३१ ऑगस्टला गाळा ताब्यात घेतला आणि भाडे दरमहा त्याच तारखेला द्यायचे ठरले. प्रत्येक बिल काढताना मागच्या बिलाच्या तारखेत एक महिना मिळवायचा, अशी सर्वांत सोपी रीत. ३१ ऑगस्ट, ३० सप्टेंबर, ३० ऑक्टोबर, ३० नोव्हेंबर, ३० डिसेंबर, ३० जानेवारी, २८ फेब्रुवारी, २८ मार्च, २८ एप्रिल. सप्टेंबरने एक दिवस खाल्ला तो परत दिला नाही, फेब्रुवारीने आणखी दोन खाल्ले, आणि यापुढे करार संपेपर्यंत बिल अठ्ठावीस तारखेलाच येत राहणार. मूळ तारखेवरून मोजले, म्हणजे ३१ ऑगस्टमध्ये एक महिना, ३१ ऑगस्टमध्ये दोन महिने, ३१ ऑगस्टमध्ये तीन महिने असे, तर ३० सप्टेंबर, ३१ ऑक्टोबर, ३० नोव्हेंबर, ३१ डिसेंबर, ३१ जानेवारी, २८ फेब्रुवारी, ३१ मार्च. महिना लहान असेल तेवढ्यापुरते मागे, नंतर पुन्हा जागेवर. कोडमध्ये फरक एका ओळीचा आहे. हप्त्यांच्या तारखा १, ५ किंवा १० अशा ठेवण्याची कर्जवाटपातली पद्धत या कटकटीतून सुटण्याचा जुना, शहाणा मार्ग आहे, आणि जिथे गिऱ्हाईक तयार असेल तिथे तो खुशाल घ्यावा.

अर्ध्या महिन्याच्या भाड्याचा हिशोब थोडक्यात सांगतो, कारण त्यात निर्णय एकच आहे. महिना लाखाचा असेल तर फेब्रुवारीतला दिवस ३,५७१ रुपयांचा, मार्चातला ३,२२६ चा आणि तीस दिवसांचा महिना धरला तर सरसकट ३,३३३ चा. तिन्ही रीती चालतात. करारात कोणती आहे ते विचारायचे. लूमवर पगार पंधरवड्याने होत असेल तिथेही हेच : पंधरा-पंधरा दिवसांनी धावणारे चक्र आणि महिन्याचे दोन भाग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसऱ्या रीतीत सोळा तारखेपासूनचा भाग तेरा ते सोळा दिवसांचा असतो.

गोदामात भाड्याइतकाच मोठा प्रश्न मालाच्या आयुष्याचा. खाण्याच्या पाकिटावर पॅकिंगची तारीख आणि ‘सहा महिन्यांपर्यंत उत्तम’ असे छापलेले असते. जो माल आधी संपणार तो आधी बाहेर काढायचा, हे सॉफ्टवेअरने सांगायचे. ३१ ऑगस्टला भरलेले पाकीट महिनाअखेरीच्या नियमाने २८ किंवा २९ फेब्रुवारीला संपते, पुढे सरकणाऱ्या नियमाने मार्चमध्ये. दुकानात गेलेले पाकीट संपलेले ठरते आणि परत येते. औषधांचे निराळे. त्यांच्या वेष्टनावर महिना आणि वर्षच असते, आणि औषधांच्या नियमांप्रमाणे ते औषध त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत चालते. अशी तारीख डेटाबेसमध्ये टाकताना सॉफ्टवेअर दिवसाच्या जागी मुकाट्याने १ लिहिते, आणि महिनाभर चांगले राहणारे औषध महिन्याच्या पहिल्याच दिवशी बाद मालात जाते. माणसाच्या उपयोगी पडणारी वस्तू अशी फेकली जाणे मला फार लागते.

मराठी वाचकाला महिन्यांच्या हिशोबाचा सर्वांत ओळखीचा दाखला शाळेच्या दाखल्यावर मिळेल. आईवडिलांना जन्मतारीख सांगता आली नाही की गुरुजी १ जून लिहून मोकळे होत; खेड्यापाड्यांत अशा १ जूनवाल्यांच्या पिढ्या आहेत. सरकारी नोकर ज्या महिन्यात निवृत्तीचे वय गाठतो त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो, पण ज्याचा जन्म महिन्याच्या एक तारखेचा तो आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी. म्हणून ३१ मेला आपल्याकडे कचेऱ्याच्या कचेऱ्या निरोप समारंभांत गुंतलेल्या असतात. यामागे कायद्याची समजूत अशी की माणूस वयाचे वर्ष वाढदिवसाच्या आदल्या दिवशी पुरे करतो. पगाराचे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याने केवळ जन्मतारखेत अठ्ठावन्न वर्षे मिळवून महिनाअखेर काढली, तर १ जूनवाला माणूस ३० जूनला निवृत्त होतो आणि एक जादा पगार त्याच्या नावे पडतो, जो पुढे पेन्शनमधून वसूल करायची नोटीस येते.

वर्ष मिळवणे म्हणजे बारा महिने मिळवणे, तेव्हा २९ फेब्रुवारी याच घरातली. मोरारजी देसाई यांचा जन्म २९ फेब्रुवारी १८९६ चा. १९०० हे लीप वर्ष नव्हते, त्यामुळे ती तारीख पुन्हा पाहायला त्यांना १९०४ उजाडावे लागले, आठ वर्षे. संगणकाच्या जगात या तारखेने सर्वांत गाजलेला गोंधळ २०१२ मध्ये घातला. मायक्रोसॉफ्टच्या अझूर या क्लाउड सेवेतला एक भाग वर्षभराच्या मुदतीचे प्रमाणपत्र बनवताना आजच्या तारखेतले वर्ष एकने वाढवत असे. २९ फेब्रुवारी २०१२ सुरू होताच, जागतिक वेळेच्या मध्यरात्री, म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेपाचला, तो २९ फेब्रुवारी २०१३ ही तारीख बनवू लागला. अशी तारीख नाही. प्रमाणपत्र बनेना, यंत्रे सुरू होईनात, आणि सेवा कित्येक तास विस्कळीत झाली. जगातल्या उत्तम प्रोग्रामरांच्या हातून जे निसटले ते आपल्याही हातून निसटू शकते.

भिवंडीत आणखी दोन प्रकारचे महिने चालतात, याचीही आठवण ठेवली पाहिजे. पंचांगाचा महिना तिथींनी चालतो, आणि साधारण तेहतीस महिन्यांनी अधिक महिना येतो. २०२३ मध्ये श्रावण दोनदा आला. हिजरी महिना चंद्र दिसण्यावर सुरू होतो, एकोणतीस किंवा तीस दिवसांचा असतो, आणि त्याचे वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे. शहरातले कित्येक व्यापारी जकात त्या वर्षाच्या हिशोबाने काढतात. ही जकात म्हणजे धर्मातले दान, नाक्यावरची नव्हे. दिवाळीपर्यंत किंवा रमजान ईदपर्यंत अशी उधारी तोंडी ठरते तेव्हा तिथे इंग्रजी महिने मिळवून तारीख काढता येणारच नाही. अशी मुदत सॉफ्टवेअरमध्ये प्रसंगाच्या नावानेच नोंदवावी आणि तारीख नक्की झाल्यावर माणसाने भरावी.

पुढच्या प्रकरणांत प्रत्येक भाषेचे कोड येईल. त्याआधी एक पद्धत सांगून ठेवतो, जी मी प्रत्येक कामात पाळतो. कोड लिहिण्यापूर्वी गिऱ्हाइकाला पाच प्रश्न विचारून उत्तरे त्याच्याच शब्दांत कागदावर घ्यायची : जुळणारी तारीख नसेल तर काय, महिनाअखेरीस सुरू झालेला व्यवहार महिनाअखेरीलाच धरायचा का, पहिला दिवस मोजायचा की सोडायचा, सुट्टी आली तर मागे की पुढे, आणि अपुऱ्या महिन्याचा दिवस कितीचा. मग ३१ जानेवारी २०२७ आणि ३१ जानेवारी २०२८, २८ आणि २९ फेब्रुवारी २०२८, १ मार्च, ३१ ऑगस्ट, ३० नोव्हेंबर आणि ३१ डिसेंबर या तारखांवर कोड चालवायचा. प्रत्येकीत १, ३, ११, १२ आणि ४८ महिने मिळवायचे. २९ फेब्रुवारी २०२८ मध्ये अठ्ठेचाळीस महिने मिळवल्यावर २९ फेब्रुवारी २०३२ आली पाहिजे. २८ आली तर कुठेतरी साखळी लपलेली आहे. आलेली उत्तरे छापून गिऱ्हाइकासमोर ठेवायची आणि त्यावर त्याची सही घ्यायची. बहुतेक वेळा तोच एखाद्या ओळीवर बोट ठेवून सांगतो की आमच्याकडे असे नसते, आणि नियम तिथल्या तिथे बदलता येतो. पहिले प्रकरण गाळ्याच्या करारापासून सुरू होते; सूत आणि पगाराचे हिशोब त्याच्या पाठोपाठ येतात.